घोड्याचा विमा काढलाय, पण वर बसणाऱ्याचं काय?

प्रश्न: डिचोलीजवळ आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, बघायला टुरिस्ट येतात. दोन घोडे आणि दोन तट्टं ठेवलीत, पोरांना फेरी मारून आणतो. मागच्या डिसेंबरात एक छोटी मुलगी घसरून पडली, हाताला प्लास्टर. आईवडील भले, डॉक्टरचं बिल तेवढं घेतलं. एजंट म्हणतो घोड्यांची पॉलिसी आहे, पालकांची संमतीपत्रावर सही घेताय, मग टेन्शन कसलं. खरंच पुरेसं आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: नाही दादा, अजिबात नाही, आणि हे तुम्ही आत्ता विचारलंत ते फार बरं झालं. तुमची पॉलिसी जनावराची आहे, घोडा आजाराने किंवा अपघाताने मेला तर पैसे तुम्हाला, पडलेल्या मुलीला त्यातून एक रुपया मिळत नाही. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि त्यात 'पर्यटकांना घोड्यावर बसवणं' हे काम स्पष्ट लिहून घ्या, कारण नुसतं फार्म किंवा होमस्टे लिहिलं तर क्लेमच्या वेळी तिथेच अडतं. हेच घोडे लग्नाच्या वरातीला देत असाल तर तेही सांगा. फटाके, बँड, गर्दी, ही जोखीम वेगळीच असते, लपवलं तर पॉलिसी असून नसल्यासारखी.

गोव्यात अजून एक बघायला हवं. आपल्याकडे परदेशी पाहुणे येतात आणि बऱ्याच पॉलिसी भारतातल्या कोर्टातल्या दाव्यांपुरत्याच असतात, म्हणून पाहुण्याने आपल्या देशात दावा लावला तर काय, ते विचारून घ्या. एका अपघाताला किती आणि वर्षाला एकूण किती, या दोन मर्यादा आणि पहिले किती पैसे तुमच्या खिशातून जाणार तेही विचारा.

सहीचं म्हणाल तर ती घेत राहा, वय, वजन, दिलेल्या सूचना, हेल्मेट घातलं होतं हे सगळं त्यात येऊ दे, पुरावा म्हणून कामाला येतं. पण खोगिराचा तंग (घोड्याच्या पोटाखालून बांधायचा पट्टा) सैल होता असं निघालं तर सहीने निष्काळजीपणा पुसला जात नाही, पालक ग्राहक आयोगात जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक फेरीआधी तंग तपासा आणि लहान पोरांबरोबर लगाम धरणारा माणूस हवाच.

आणि त्या लगाम धरणाऱ्यांचा विचार कोणीच करत नाही याचं मला खूप वाईट वाटतं. लाथ सगळ्यात आधी त्यांनाच बसते, आणि पब्लिक लायबिलिटीत तुमचे कामगार सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी कर्मचारी भरपाईची, म्हणजे कामावर इजा झाली तर भरपाई देणारी, वेगळी पॉलिसी घ्या. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना पण भरा, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, मात्र ती जोडीला, पॉलिसीच्या बदली नाही.

पुढे कधी कोण पडलं तर आधी उपचार, मग त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, परस्पर पैसे देऊन मिटवू नका, त्याने क्लेम अडकू शकतो. एजंटला आजच ईमेल टाका, 'फेरीत पर्यटक पडला तर कुठल्या कलमाखाली भरपाई मिळेल?' आणि लेखी उत्तर येईपर्यंत फेऱ्या बंद ठेवा.