ऑक्टोबरची तारीख कोणी ठरवली?

कोपरखैरण्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा बीएस्सी नर्सिंग झाली, फर्स्ट क्लास मिळाला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही हातात आलं. ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलने आयसीयूसाठी २२ हजारांवर बोलावलं आहे. इकडे वडिलांनी एका क्लासमध्ये अमेरिकेत नर्सच्या लायसन्ससाठी लागणाऱ्या एनक्लेक्स परीक्षेचे दीड लाख भरून ठेवलेत. क्लासचं म्हणणं, नोकरी नको, घरी बसून अभ्यास करू द्या, ऑक्टोबरमध्ये परीक्षा देऊन टाकू. वडील लिहितात, 'अभ्यास ताजा आहे तोवर उरकलेलं बरं ना? ती थोडं थांबू म्हणते. तुम्ही समजवा तिला.'

नमस्कार.

तुमचं पत्र तीन पानी आहे आणि त्यात तुमची मुलगी एकदाच बोलते. 'थोडं थांबू.' का थांबू, हे कुठेच नाही. तुम्ही तिला विचारलं असतंत तर ते पत्रात आलं असतं, असं मला वाटतं.

बाजारात २६ वर्षं पाठीवर गोणी वाहिल्या, पोरीच्या वाट्याला असं राबणं येऊ नये, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मी पत्र जरा बाजूला ठेवलं. मात्र शेवटच्या पानावर एक ओळ आहे: 'नाइट ड्युटीवाली मुलगी म्हटलं की स्थळं मागे हटतात.' ऑक्टोबरची निम्मी घाई क्लासची असेल, पण निम्मी या ओळीची आहे. नर्सिंगला नाव घातलंत त्याच दिवशी नाइट ड्युटी घरात आली होती. आणि अमेरिकेतही रात्र होते हो. तिथेही नव्या नर्सच्या वाट्याला बहुतेक रात्रपाळीच येते. रात्रपाळी चुकावी म्हणून एनक्लेक्स द्यायला लावत असाल, तर तो हिशेब पहिल्याच ओळीत चुकलाय.

येण्याजाण्याची काळजी मात्र रास्त आहे. तरी बघा, नाइटला जाणारी मुलगी मध्यरात्री रस्त्यावर नसते. आठची ड्युटी असली तर ती सातच्या सुमाराला ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाण्याला उतरते आणि सकाळी सगळं जग ऑफिसला निघालेलं असताना परत येते. जपायचं असेल तर दुपारपाळी सुटल्यावरच्या परतीचं जपा. हॉस्पिटलची गाडी आहे का, हे तिला जॉइनिंगच्या दिवशीच विचारू द्या.

आता परीक्षेकडे. 'अभ्यास ताजा असताना द्या' हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पदवीनंतर जितका उशीर, तितकं पास होणं अवघड होत जातं; चार-पाच वर्षं लोटून मग पुस्तक उघडणाऱ्या मुलींचे हाल मी पाहिलेत. पण ऑक्टोबर ही तारीख क्लासच्या हातातच नाही. आधी अमेरिकेतल्या एका राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करायचा, त्यासाठी बहुतेक राज्यांत कागदपत्रांची पडताळणी करून घ्यायची. त्यात गुणपत्रकं कॉलेजने किंवा विद्यापीठाने थेट पाठवायची, रजिस्ट्रेशनचा दाखला कौन्सिलने थेट पाठवायचा. आपल्या कॉलेजच्या ऑफिसातून एक सही मिळवायला किती खेपा होतात, ते तुमची लेक सांगेल. हे सगळं पार पडलं की परीक्षेची परवानगी येते. तीही मुदतीची, बऱ्याच राज्यांत ९० दिवसांची. तेव्हा क्लासला आजच विचारा: कोणत्या राज्याकडे अर्ज केला, कोणत्या तारखेला? उत्तर गुळमुळीत आलं, तर ऑक्टोबर विसरा.

'पास होईपर्यंत शिकवणी मोफत' या गोष्टीचं तुम्हाला कौतुक वाटतंय. शिकवणी मोफत असेल, परीक्षा नाही. नापास झालं की ४५ दिवस थांबायचं आणि पुन्हा २०० डॉलर फी, वर अमेरिकेबाहेरच्या केंद्राचे १५० डॉलर. दर खेपेला.

ज्या समजुतीवर हे सगळं उभं आहे, ती म्हणजे एनक्लेक्स पास झालं की अमेरिका. नाही हो. एनक्लेक्स पास होणं म्हणजे तिथल्या लायसन्सची एक पायरी. तिथे राहून काम करायला व्हिसा लागतो, आणि नर्सना तो बहुतेक करून ग्रीन कार्डाच्या ईबी-३ या रांगेतून मिळतो. रांग जन्माच्या देशाप्रमाणे लागते आणि भारतात जन्मलेल्यांची रांग आज दहा वर्षांहून लांब आहे. आयटीवाल्यांचा एच-१बी व्हिसा नर्सना सहसा मिळत नाही, कारण तो बॅचलर डिग्रीची अट असलेल्या कामासाठी असतो, आणि तिथे साधी नर्स व्हायला ती अट नाही. तुमच्या नात्यातली जी बाई टेक्सासला आहे, ती कोणत्या साली गेली तेवढं विचारा. क्लासने दीड लाख घेताना यातला एक शब्द काढला नसेल, तर तो राग माझ्यावर नको, त्यांच्यावर काढा. परीक्षा वाया जात नाही, हेही खरं. कॅनडात हीच परीक्षा चालते, ऑस्ट्रेलियात हीच देऊन वर ॲडलेडला प्रात्यक्षिक द्यावं लागतं. इंग्लंड, जर्मनी आणि आखाताच्या वाटा वेगळ्या. आखातात बहुधा दोन वर्षांचा अनुभव मागतात. आणि इथेच सरकारी नोकरी हवी असेल तर एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा आहे.

म्हणूनच तिने ती आयसीयूची नोकरी घ्यावी असं मला वाटतं. एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सचं रूप बदललंय. ८५ ते १५० प्रश्न, पाच तासांची मर्यादा, आणि सगळा भर निर्णयावर. समजा चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? एक ऑपरेशनच्या दुखण्याने ओरडतोय, एकाला डिस्चार्जची घाई आहे, एक दम्याचा जुना पेशंट नेहमीसारखा धापतोय, आणि चौथे आजोबा, सकाळपर्यंत शांत पडलेले, आता चुळबुळ करतायत, सलाइनची नळी ओढतायत. घरी बसून पाठ करणारी मुलगी ओरडणाऱ्याकडे धावते. सहा महिने आयसीयूत काढलेली आजोबांकडे जाते, कारण अशी चुळबुळ पुष्कळदा ऑक्सिजन कमी पडत असल्याची पहिली खूण असते, हे तिने पाहिलेलं असतं. एखादी सीनियर सिस्टर त्यावरून तिच्यावर खेकसलेलीही असते. शिवाय परदेशातली हॉस्पिटलं पेशंटजवळच्या कामाचा अनुभव विचारतातच. पास होऊन घरी बसलेली नर्स त्यांनाही नको असते.

तेव्हा नोकरी धरू दे. कागदपत्रांचा अर्ज याच महिन्यात टाका, तो आपल्या गतीने सरकत राहील. परवानगी यायला सहा-आठ महिने लागले तरी बिघडत नाही. तोवर सुटीच्या दिवशी क्लास, रोज थोडे प्रश्न, आणि परवानगी आली की पहिल्या महिन्या-दीड महिन्यातली तारीख. मुंबईतच केंद्र आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची घाई नको. ते गुण दोनच वर्षं चालतात आणि रांग दहा वर्षांची आहे. काही राज्यं मात्र लायसन्ससाठीच इंग्रजीची परीक्षा मागतात, म्हणून राज्य विचार करून निवडा.

हॉस्पिटल वर्षभराचा बॉण्ड आणि मूळ सर्टिफिकेटं मागतंय, हे तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलंय. खरं तर ते वर यायला हवं होतं. वर्षाचा बॉण्ड चालेल; मधे सोडल्यास किती रक्कम, ते वाचून सही करू दे. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची. रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट कोणाच्याही कपाटात ठेवायला द्यायचं नाही.

हॉस्पिटलला सोमवारपर्यंत कळवायचंय म्हणता. शनिवारी रात्री जेवताना तिला विचारा, थांबू का म्हणतेस. मधे बोलू नका. मी इतकं लिहिलंय त्यात तिला काही पटलं नाही, तर तिनेच मला लिहावं.