पहिला एक्स-रे आधी ताब्यात घ्या

प्रश्न : वय 27, तासगाव तालुक्यात राहतो, कबड्डी खेळतो. 17 महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका रुग्णालयात उजव्या गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटचं (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या पट्ट्याचं) दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. बिल 1,85,000 रुपये. गुडघा अजून सटकतो. पाचव्या महिन्यातल्या एमआरआयमध्ये ग्राफ्टला (लिगामेंटच्या जागी बसवलेल्या नव्या पट्ट्याला) 'वाढलेला सिग्नल' आणि आताच्या एमआरआयमध्ये 'मांडीच्या हाडातला टनेल (ग्राफ्टसाठी पाडलेलं भोक) पुढे, ग्राफ्ट अर्धवट फाटलेला' असं आलंय. दुसरे डॉक्टर म्हणतात, पहिलंच ऑपरेशन चुकलं, पुन्हा करावं लागेल. सहाव्या महिन्यात जत्रेत एक सामना खेळलो होतो. केस उभी राहील का?

उत्तर : राहू शकेल, पण ती एमआरआयच्या जोरावर लढवायला जाऊ नका.

पाचव्या महिन्याचा रिपोर्ट बाजूलाच ठेवा. नवा ग्राफ्ट हाडात रुजत असताना पहिलं वर्षभर तरी एमआरआयमध्ये त्याचा सिग्नल वाढलेला, म्हणजे तो जास्त उजळ दिसू शकतो. तो दोष म्हणून पुढे केलात, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तुमची हवा काढून घेईल. ताज्या रिपोर्टमधलं 'अर्धवट फाटलेला' हेही दुधारी आहे. जत्रेत चढाईला गेला होतात, तेव्हाच फाटला असेल, असं ते म्हणणारच. आणि हो, तो सामना लपवू नका. फिजिओथेरपीच्या नोंदीत तो कुठेतरी सापडतोच.

खरा साक्षीदार म्हणजे ऑपरेशननंतर लगेच काढलेला साधा एक्स-रे. ग्राफ्ट नंतर फाटू शकतो, टनेल रुंदावूही शकतो. पण हाडात ड्रिलनं पाडलेलं भोक जागा सोडून पुढे सरकत नाही. गुडघ्याच्या बाजूनं काढलेल्या एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाच्या खाचेचं छत एका रेषेसारखं दिसतं. डॉक्टर तिला ब्लुमेनसाट रेषा म्हणतात. मांडीच्या हाडातला टनेल त्या रेषेच्या मागच्या टोकाकडे असायला हवा. पहिल्या दिवसापासून तो पुढे असेल, तर त्याचा दोष जत्रेवर ढकलता येणार नाही.

तेव्हा उद्याच रुग्णालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऑपरेशनच्या नोंदी, संमतिपत्र, ग्राफ्ट हाडात पक्का करणाऱ्या स्क्रू-बटणांचे स्टिकर, दुर्बिणीचे फोटो आणि सगळ्या इमेज सीडीवर मागा. नुसता टाइप केलेला रिपोर्ट घेऊन परतू नका. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णानं मागितलेल्या नोंदी 72 तासांत द्याव्या लागतात. त्या जपून ठेवायचं बंधन मात्र तीनच वर्षांचं आहे.

टनेल चुकला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं न्यायालय मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानं कसोटी घालून दिली आहे: साधारण कौशल्याच्या डॉक्टरनं घेतली असती तेवढी काळजी घेतली गेली का? प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात सांगितलं. पण तिथं मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. तुमच्याकडे प्रश्न मिलिमीटरचा आहे. दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचं लेखी मत लागेलच. दुसरे डॉक्टर तोंडी जे बोलले ते केसपेपरवर लिहून द्यायला तयार आहेत का, हे आधी विचारा. बरेच जण तिथं मागे सरतात.

मुदत दोन वर्षांची आहे (ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69). दोष नंतर समजला, असा मुद्दा मांडता येतो. तरी ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजा. म्हणजे सातच महिने उरलेत. तक्रारीसाठी पुण्याला हेलपाटे नकोत, राहत्या जिल्ह्यात म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येते. बिल 5 लाखांच्या आत असल्यानं शुल्क नाही. पोलिसांत जायचा मोह आवरा. फौजदारीला घोर निष्काळजीपणा लागतो आणि तुमच्या कागदांत तो मला दिसत नाही.

एकच घाई करू नका, ती दुसऱ्या ऑपरेशनची. त्यात जुना टनेल भरला जाईल किंवा नवा पाडला जाईल आणि पुरावा तिथंच संपेल. आधी सीटी स्कॅन करून टनेलची जागा नोंदवून घ्या, आणि ऑपरेशनच्या वेळी दुर्बिणीतून आत काय दिसलं याचं चित्रीकरण मागून घ्या.