वाचकांचे प्रश्न : पाळीआधीचा आठवडा

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते. पाळीच्या आठ-दहा दिवस आधीपासून माझा स्वतःवर ताबा राहत नाही. क्षुल्लक कारणावरून मुलावर ओरडते, नवऱ्याला नको ते बोलते, रात्री झोप लागत नाही आणि आपण नसलो तर सगळे सुखी होतील असे वाटत राहते. पाळी सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सारे ओसरते आणि झाल्या प्रकाराची लाज वाटते. हार्मोन्सच्या तपासण्या नॉर्मल आल्या. सासूबाई म्हणतात, पाळी काय तुला एकटीलाच येते? हा माझा स्वभाव समजावा की आजार?

उत्तर : सर्वप्रथम ‘आपण नसलो तर’ या विचाराबद्दल. पाळीनंतर तो निघून जातो म्हणून त्याला हलके लेखू नये. या त्रासात असे विचार पुष्कळ स्त्रियांना येतात, आणि त्या दिवसांत ते खरोखर धोक्याचे ठरू शकतात. काही करून घ्यावे इथपर्यंत मन गेले, तर पुढे सांगितलेली नोंदवही वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्यांना सांगावे आणि डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

आपण जे वर्णन केले आहे ते ‘प्रीमेन्स्ट्रुअल डिसफोरिक डिसऑर्डर’, म्हणजेच पीएमडीडी, या आजाराशी बरेच जुळते. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र निदानाचे स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात तो प्रामुख्याने स्त्रीजननसंस्थेच्या विकारांत मोडतो आणि नैराश्याच्या विकारांतही त्याची नोंद आहे. त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञाने ‘हे मनाचे आहे’ म्हणून आणि मानसोपचारतज्ज्ञाने ‘हे पाळीचे आहे’ म्हणून हात झटकण्याला आधार उरत नाही.

तपासण्या नॉर्मल आल्या यात विसंगत काही नाही. पीएमडीडी असलेल्या स्त्रीच्या रक्तातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी इतर स्त्रियांसारखीच असते. वेगळा असतो तो त्या चढउतारांना तिच्या मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषधाने बीजकोशांचे (ओव्हरीजचे) काम तात्पुरते थांबवले, तेव्हा हा त्रास असलेल्या अनेक स्त्रियांची लक्षणे कमी झाली. बऱ्या झालेल्या स्त्रियांना नेहमीच्या प्रमाणात हार्मोन्स पुन्हा दिल्यावर ती परतली, आणि ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तीच हार्मोन्स देऊनही काही झाले नाही. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारे अ‍ॅलोप्रेग्नानोलोन हे द्रव्य एरवी मेंदूला शांत करते, पण या स्त्रियांत त्याच्या बदलत्या पातळीशी मेंदूला जुळवून घेता येत नसावे, असे आजचे संशोधन सुचवते. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. पाळी सगळ्यांना येते, पाळीआधी थोडीफार चिडचिड, छाती जड होणे, पोट फुगणे हेही अनेकींना होते. मात्र घर आणि नोकरी दोन्ही विस्कटून टाकणारा हा प्रकार शंभरातील साधारण तीन ते आठ स्त्रियांमध्ये आढळतो.

तरीही केवळ पत्रावरून, किंवा आपल्या आठवणीवरूनही, निदान करता येत नाही. पाळीआधी भांडण झाले की ते लक्षात राहते आणि इतर दिवशीचे विसरले जाते, म्हणून आठवणीवर भिस्त ठेवण्यात धोका असतो. सलग किमान दोन पाळ्यांचे चक्र पूर्ण होईपर्यंत रोज रात्री उदासी, चिडचिड, मनाची अस्थिरता, बेचैनी, झोप, खाण्याची ओढ आणि थकवा यांना एक ते सहा असे गुण द्यावेत आणि रक्तस्रावाचे दिवस त्याच पानावर नोंदवावेत. कागद, दिनदर्शिका, मोबाइल, काहीही चालेल; फक्त आठवड्याचे गुण रविवारी एकदम भरू नयेत. या नोंदीत वाईट दिवसांइतकेच, माझ्या मते थोडे अधिकच, महत्त्व पाळीनंतरच्या आठवड्याला आहे. तो आठवडा जवळपास स्वच्छ निघाला तर पीएमडीडीचा संशय बळकट होतो. उदासी महिनाभर राहून पाळीआधी फक्त वाढत असेल, तर मूळ नैराश्यावर किंवा चिंताविकारावर उपचार करावे लागतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही एकदा पाहून घ्यावे.

उपचारांत पहिल्या फळीत येतात ती फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी सेरोटोनिन या मेंदूतील रसायनावर काम करणारी औषधे. नैराश्यात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पीएमडीडीमध्ये मात्र तो काही दिवसांतच दिसू लागतो, आणि त्यामुळे अनेकींना ती फक्त पाळीआधीचे सुमारे दोन आठवडे घेऊन भागते. घरात कोणाला बायपोलर आजार असेल, किंवा आपल्याला कधी विनाकारण अति उत्साहाचे, झोपेची गरजच न वाटणारे दिवस आले असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण अशा वेळी ही औषधे उलटू शकतात. ड्रोस्पिरेनोन असलेली गर्भनिरोधक गोळी हा दुसरा मार्ग आहे. अर्धशिशीपूर्वी डोळ्यांसमोर प्रकाशरेषा दिसणाऱ्या, रक्तात गुठळी झालेल्या, उच्च रक्तदाब असलेल्या किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांना ती चालत नाही. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या मानसोपचाराने त्या दिवसांतले नुकसान आवरायला मदत होते. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमने सौम्य त्रास कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे, पण तुमच्या तीव्रतेला केवळ तेवढे पुरेल असे वाटत नाही. ब-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा मनाने घेऊ नयेत, त्याने नसांना इजा होते.

जाता जाता एक गोष्ट. गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपल्याकडे दुकानातून सर्रास आणल्या जातात. त्यांत प्रोजेस्टेरॉनसारखे हार्मोन असते आणि त्याने काही स्त्रियांची मनःस्थिती आणखी बिघडते. हा त्रास असलेल्या स्त्रीने तरी त्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

प्रश्न : माझ्या पत्नीला पीएमडीडीचे निदान झाले आहे. ‘डोक्याच्या गोळ्यां’ची सवय लागेल या भीतीने ती औषध टाळते. भांडण पेटले की मी ‘पाळी जवळ आली वाटते’ असे म्हणतो आणि प्रकरण आणखी चिघळते. मी काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ते वाक्य कायमचे बंद करावे. त्यात तथ्य असले तरी भांडणाच्या मध्यावर त्याचा अर्थ ‘तुझ्या म्हणण्याला किंमत नाही’ असाच पोहोचतो, आणि कित्येकदा तिची तक्रार खरी असते, फक्त तिची धार त्या आठवड्यात वाढलेली असते. पाळी संपल्यानंतरच्या शांत दिवसांत दोघांनी बसून ठरवावे की त्या आठवड्यात पैसे, माहेर-सासर, नोकरी सोडणे असे विषय काढायचे नाहीत, मुलांचा अभ्यास आणि रात्रीचा स्वयंपाक नवऱ्याने उचलायचा, आणि वाद वाढला तर दोघांपैकी कोणीही अर्ध्या तासासाठी बाजूला जाऊ शकते. औषधांविषयी सांगायचे तर झोपेच्या काही गोळ्यांचे जसे व्यसन लागते तसे या औषधांचे लागत नाही. रोज घेत असलेली गोळी एकदम थांबवल्यास चक्कर, बेचैनी असा त्रास होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. पुढच्या भेटीला, पत्नीची हरकत नसेल तर, आपणही बरोबर जावे.

प्रश्न : माझे वय ४१ आहे, दोन्ही मुले मोठी झाली आहेत. दर महिन्याच्या या मनस्तापाला कंटाळले आहे. पिशवी काढून टाकली तर सुटका होईल का? (एक वाचक, जालना)

उत्तर : नाही. त्रासाचे चक्र बीजकोश चालवतात, गर्भाशय नव्हे. नुसती पिशवी काढली तर बीजकोशांचे काम चालूच राहते आणि लक्षणेही येत राहतात. रक्तस्राव थांबल्यामुळे ती कधी येणार हे कळण्याची खूणच तेवढी जाते. बीजकोशही काढले तर त्रास थांबू शकतो, पण रजोनिवृत्ती एका दिवसात ओढवते आणि हाडे, हृदय, झोप या सगळ्यांची किंमत मोजावी लागते, शिवाय पुढे अनेक वर्षे हार्मोन्स घ्यावी लागतात. म्हणून ही शस्त्रक्रिया बाकी सर्व उपचार थकल्यानंतरच, आणि त्याआधी इंजेक्शनाने बीजकोश काही महिने थांबवून खरोखर गुण येतो हे पाहूनच विचारात घेतली जाते. आपल्या मराठवाड्यात पिशवी काढण्याचा सल्ला किती सहज दिला जातो हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रकरणाने सगळ्यांसमोर आले होते. आपल्याला असा सल्ला कोणी दिला असेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे, आणि जाताना दोन महिन्यांची नोंद सोबत न्यावी.