गोबरगॅसच्या टाकीत एकच जिवाणू शेणापासून थेट मिथेन का करू शकत नाही?

कारण शेण कुजताना मधल्या टप्प्यात तयार होणारे प्रोपिओनेट, ब्युटिरेट (दोन्ही आम्लांची रूपं), इथेनॉल असे पदार्थ तोडणाऱ्या जिवाणूला त्यातून ऊर्जा तेव्हाच मिळते, जेव्हा सुटणारा हायड्रोजन शेजारचा मिथेनकारक सूक्ष्मजीव लगेच संपवतो. हायड्रोजन साचला की अभिक्रिया अडते, आम्लं वाढतात आणि गॅस घटतो. ही जोडी इतकी घट्ट असते की ‘मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ हा अनेक वर्षं एकच जीव समजला जात होता. १९६७ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी ते दोन जीव असल्याचं दाखवलं. एक इथेनॉलपासून अ‍ॅसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) आणि हायड्रोजन करतो, दुसरा त्या हायड्रोजनचा वापर करून मिथेन. माझ्या मते या सहजीवनाचा याहून सुंदर पुरावा नाही. मात्र सगळं मिथेन हायड्रोजनच्या वाटेनं येत नाही. बराचसा वाटा सहसा अ‍ॅसिटेट थेट फोडून तयार होतो.