तोफ अजून चालतेय

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

एसएसबीच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतीच्या, तयारीसाठी तू परमवीर चक्र मिळालेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालांवर लिहिलेलं टिपण वाचलं. शौर्य, पराक्रम, बलिदान असले शब्द मोजले, अकरा भरले. रणगाडा दोनदाच आला. समोरचा अधिकारी तुला नेमका तिथे पकडेल.

त्यांचा जन्म पुण्यातला, 14 ऑक्टोबर 1950. खडकवासल्याला घडले, 13 जून 1971 ला पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये दाखल झाले. घोडे केव्हाच गेले, पण या रेजिमेंटमध्ये रणगाड्यातल्या जवानाला अजूनही 'सवार'च म्हणतात. पाकिस्तानशी युद्ध पेटलं तेव्हा खेत्रपाल आमच्या नगरला यंग ऑफिसर्स कोर्स करत होते. तो अर्धवट टाकून निघाले, आणि सामानात काय, तर गोल्फच्या काठ्या नि मेसचा निळा गणवेश! लाहोरला खेळायचं म्हणे. हे तू गाळलंस. कशाला गाळायचं? एकविसाव्या वर्षी पोरं अशीच असतात.

16 डिसेंबर, पाकिस्तानातला शकरगढ भाग. बसंतर नदीपलीकडच्या सुरुंगांतून वाट पुरती मोकळी व्हायच्या आतच पूना हॉर्सचे रणगाडे पुढे घुसले होते. जरपालजवळ पाकिस्तानी रणगाड्यांचा मोठा हल्ला आला, कुमक मागवली गेली आणि खेत्रपाल धावले. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यांतले चार एकट्या खेत्रपालांनी टिपले. मग त्यांचा रणगाडा 'फामागुस्ता' पेटला आणि बाहेर पडण्याचा हुकूम आला.

त्यांचं उत्तर तू ठळक अक्षरांत लिहिलंस, पण अर्थ लावलास मरायला तयार असल्याचा. नीट वाच. रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालतेय, असं ते म्हणाले. हे रणगाडेवाल्याचं बोलणं आहे रे! काय बिघडलंय, काय शाबूत आहे आणि त्यातून अजून काय साधेल, एवढा हिशेब आगीत बसून केलेला. शेवटचा रणगाडा त्यांनी टिपला तो जेमतेम शंभर मीटरवर. मग दुसरा गोळा बसला.

हुकूम मोडला ते योग्य का, हे तुला विचारतील. पाठ केलेलं उत्तर देऊ नकोस. आत चौघे होते, आणि सवार नंद सिंगही तिथेच गेले, हे ध्यानात ठेवून बोल. मी स्वतः वर्षानुवर्षं या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी भांडलोय. आता मला वाटतं, समोरचं मैदान त्यांना दिसत होतं, हुकूम देणाऱ्याला नव्हतं. शत्रूला तिथून वाट मिळाली नाही, हेही खरं. पण तुझं मत वेगळं असेल तर तेच मांड.

टिपण नव्याने लिही. त्याआधी सुट्टीत नगरला ये. इथल्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन, म्हणजे 'फामागुस्ता'च्याच जातीचा रणगाडा, उभा आहे. त्याच्या बुरुजाकडे बघ आणि आत माणसं कशी मावत असतील याचा अंदाज घे. वही आण. जेवायला घरीच.

तुझा,
काका