डबा तापतो तो आतून: कंटेनर डेटा सेंटरबद्दल वाचकांचे प्रश्न

कंटेनरमध्ये सर्व्हर बसवणाऱ्यांच्या पत्रांचा सूर बहुतेक वेळा सारखाच असतो: ऊन लागतं, पत्रा तापतो, तर इन्सुलेशन किती जाड करू? उन्हाची भीती खरी आहे, पण ती जरा अवाजवी आहे. आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देतो.

प्रश्न: 20 फुटी कंटेनर दिवसभर उन्हात असेल. आत सहा रॅक (सर्व्हर बसवायची उभी कपाटं), प्रत्येकी साधारण 10 किलोवॅट. इन्सुलेशन 75 मिमी पुरेल, की 150 मिमी करावं?

75 मिमी करा आणि उरलेली काळजी एसीची करा. हिशेब असा. बाहेर 40 अंश, आत 25, आणि पत्रा उघडा असेल तर भिंती आणि छत मिळून सुमारे 59 चौरस मीटरमधून पाचेक किलोवॅट उष्णता आत येते. गडद रंगाच्या छतावर ऊन असेल तर आठ-दहापर्यंत. 75 मिमी पफ (पॉलियुरेथेन फोम) लावला की हाच आकडा एक किलोवॅटच्या आत येतो. जाडी 150 केली तर आणखी वाचतात ते जेमतेम दीडएकशे वॉट. आणि आत सर्व्हर ओकताहेत 60 किलोवॅट! इन्सुलेशन कितीही जाड केलं तरी त्यातला एक वॉटही कमी होत नाही.

उलट जाडीची किंमत जागेत मोजावी लागते. कंटेनरची आतली रुंदी 2.35 मीटर. दोन्ही बाजूंना 75 मिमी गेले की उरते 2.20. त्यात 1.2 मीटर खोलीचा रॅक ठेवला तर पुढे-मागे मिळून एकच मीटर हातात राहतो. सर्व्हर रेल्सवरून पूर्ण बाहेर ओढायला पाऊणएक मीटर लागतो, म्हणजे मागे वायरिंगला हात घालायची जागाही नाही. 150 मिमीच्या भिंती केल्या तर रॅक आडवे फिरवावे लागतील किंवा सरकत्या चौकटीवर घ्यावे लागतील. छतासाठी मात्र हात आखडू नका: पांढरा रंग द्या, आणि वर 150 ते 300 मिमी अंतर सोडून पत्र्याची दुसरी सावली घाला. मधून वारा खेळला पाहिजे, कडा बंद करू नका.

प्रश्न: रीफर कंटेनर मिळतोय. त्यात इन्सुलेशनही आहे आणि कूलिंग युनिटही. तोच का वापरू नये?

रीफर आधीच गार केलेला माल गार ठेवण्यासाठी असतो. आत अखंड उष्णता तयार होते आहे असं त्यात गृहीतच नसतं. मालाच्या तापमानाला 40 फुटी रीफरच्या युनिटची ताकद साधारण दहा-बारा किलोवॅट. तुमचा एक रॅक तेवढ्यात ती संपवेल. हवा जमिनीतल्या टी आकाराच्या पट्ट्यांमधून येऊन मालातून वर चढते, तर सर्व्हरला ती समोरून हवी. शिवाय यंत्रणा बंद पडली की तो थर्मास होतो, आणि आतली उष्णता तिथेच कोंडते. कवच म्हणून घ्यायला हरकत नाही. युनिट काढा आणि त्या उघड्या टोकाला तुमचं कूलिंग बसवा.

प्रश्न: हवा दमट आहे. आत 18 अंश ठेवतो. ग्लासवूल आणि त्यावर पत्र्याचं अस्तर आहे. काही महिन्यांत अस्तरावर प्रत्येक स्क्रूभोवती गंजाची वर्तुळं दिसू लागली, खालच्या पट्टीतून पाणी झिरपतं. गळती सापडत नाही.

सापडणारही नाही, कारण हे पावसाचं पाणी नाही, हवेतलं आहे. बाहेर 30 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू 24 अंशांच्या आसपास असतो. 24 पेक्षा गार पृष्ठभागाला ती हवा लागली की घाम सुटलाच. तुमचं अस्तर 18 अंशांवर आहे. केबलच्या भोकांतून, दाराच्या रबरातून, तळातल्या फटींतून बाहेरची हवा ग्लासवूलमध्ये शिरते, अस्तराच्या मागच्या बाजूला टेकते आणि पाणी सोडते. ते पाणी ओघळतं आणि स्क्रूच्या भोकातून तुम्हाला दिसतं. ओली झालेली ग्लासवूल उष्णता अडवत नाही. ती दाबून बसते, वर पोकळी राहते आणि तिथे आणखी पाणी धरतं.

अस्तराचा एक पत्रा काढून बघा. मागच्या बाजूला स्क्रूचं टोक आणि आधाराची पट्टी जिथे बाहेरच्या पत्र्याला भिडते, तिथे गंज सर्वांत जास्त असेल. तो उष्णतेचा आडमार्ग. लोखंडाची उष्णतावाहकता पफच्या दोन हजार पट आहे, त्यामुळे चार बोटं रुंदीची पट्टीही जाणवते. नवं काम कराल तेव्हा अस्तर बाहेरच्या पत्र्याला थेट स्क्रूने जोडू नका. मध्ये रबर किंवा फोमची पट्टी द्या. पत्र्याला घट्ट चिकटणारा, बंद पेशींचा फवारलेला फोम असेल तर हवा शिरायला पोकळीच राहत नाही.

आजचा उपाय मात्र त्याहून सोपा आहे: तापमान वाढवा. 18 कशाला? अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी 18 ते 27 अंश अशी आहे, आणि तुम्ही तळाचं टोक धरून बसलात. गूगलने 2005 साली कंटेनरचं डेटा सेंटर उभारलं, एकेका कंटेनरात 1,160 सर्व्हर. 2009 मध्ये त्याची माहिती जाहीर केली तेव्हा थंड बाजूचं तापमान 27 सांगितलं होतं. तुम्ही 25 करा. अस्तर दवबिंदूच्या वर जाईल, बिलही उतरेल. जोडीला केबलची भोकं आगरोधक सीलंटने बुजवा. आणि एसीच्या ड्रेन पाइपला यू-ट्रॅप, म्हणजे पाणी धरून हवा अडवणारा यू आकाराचा वळसा, आहे का ते पाहा. नसेल तर पंख्याच्या ओढीने पाणी ट्रेमध्येच तुंबतं आणि उडून सर्व्हरकडे जातं. ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे.

प्रश्न: 20 किलोवॅटचा भार आहे, दोन पाच-टनी एसी चालू आहेत. तरी वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी 34 अंश. तिसरा एसी लावू का?

नको. दहा टन म्हणजे 35 किलोवॅट. ताकद पुष्कळ आहे, हवा भलतीकडे जाते आहे. सर्व्हरच्या मागून निघालेली गरम हवा छताजवळून पुढे येते आणि वरचे सर्व्हर तीच पुन्हा ओढून घेतात. रॅकच्या रिकाम्या खणांना ब्लँकिंग पॅनेल (खण झाकणाऱ्या पट्ट्या) लावा. रॅकचा माथा ते छत आणि रॅकची बाजू ते भिंत ही फट बंद करा, पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यानेही चालेल. एसीची परतीची हवा फक्त गरम बाजूने जाईल असं करा. मग रॅकच्या समोर खाली, मध्ये आणि वर असे तीन सेन्सर लावा. खाली-वरचा फरक दोन-तीन अंशांवर आला की पंख्यांचा वेग उतरवून बघा: वेग 80 टक्के केला तर पंख्याची वीज जवळपास निम्मी होते.

एक आकडा जवळ ठेवा. हवा 12 अंश तापू द्यायची असेल तर दर किलोवॅटला तासाला सुमारे 250 घनमीटर हवा लागते. रिकाम्या 20 फुटी डब्यात हवाच 33 घनमीटर. म्हणून एकेका रॅकला 20-25 किलोवॅटच्या पुढे जायचं असेल तर हवेशी झटापट सोडा आणि पाणी रॅकच्या मागच्या दारापर्यंत किंवा थेट चिपपर्यंत न्या. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहतं. सन मायक्रोसिस्टिम्सने 2006 साली जाहीर केलेल्या प्रोजेक्ट ब्लॅकबॉक्सलाही बाहेरून थंड पाण्याची जोडणीच लागायची.

प्रश्न: एसीऐवजी बाहेरचीच हवा पाण्याच्या पॅडमधून ओढली तर?

कोरड्या जागी उत्तम, दमट जागी फसवं. पॅडमधली हवा वेट बल्ब तापमानाच्या, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते त्याच्या, खाली जात नाही. 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेला ते 22 च्या आसपास असतं, म्हणजे पॅड पूर्ण क्षमतेने चालत नसलं तरी काम भागतं. 33 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला ते 30 असतं, तिथे पॅड लावून फक्त ओलावा मिळेल. पाणीही मोजा: एक किलोवॅट-तास उष्णतेला दीड लिटर. 60 किलोवॅटला तासाला 90 लिटर, क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी वेगळं.

बाहेरच्या हवेबरोबर धूळ येते, ती फिल्टर अडवतो. समुद्राकाठचे खारे कण आणि कारखान्यांजवळचे गंधकाचे वायू हा त्रास वेगळा. जागा ठरवण्याआधी तांब्याचे आणि चांदीचे नमुना पत्रे महिनाभर तिथे टांगून ठेवा. गंज महिन्याला तांब्यावर 300 आणि चांदीवर 200 अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) आत हवा. वर गेला तर बाहेरची हवा आत घेऊ नका.

प्रश्न: पफ जळतो म्हणतात. खरं का?

खरं. जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सोडतो. यूपीएस किंवा बॅटरीला लागून असलेल्या भिंतीत न जळणारी रॉकवूल घ्या, आणि लिथियम बॅटऱ्या शक्यतो वेगळ्या डब्यात ठेवा. आग विझवणारा वायू सोडण्याची यंत्रणा असेल तर दाब बाहेर टाकणारी झडप हवीच. घट्ट बंद डब्यात वायू एकदम सुटला तर दारं आणि पॅनेल फुगतात.

प्रश्न: वीज गेली तर सर्व्हर यूपीएसवर चालतात, एसी जनरेटरवर येईपर्यंत थांबतो. तेवढ्यात किती तापेल? दार उघडून ठेवलं तर चालेल का?

60 किलोवॅटला आतली हवा एकटीच असती तर सेकंदाला दीड अंश तापली असती. रॅकचं आणि सर्व्हरचं लोखंड थोडी उष्णता पितं, म्हणून काही मिनिटं मिळतात, फार नाही. दाराने काम होत नाही: तुम्हाला सेकंदाला चार घनमीटर हवा हवी आहे, आणि उघड्या दारातून गरम हवा वरून बाहेर आणि दमट हवा खालून आत एवढंच घडतं.

थंड पाण्याची यंत्रणा असेल तर मधे एक टाकी घाला. 1,000 लिटर पाणी 10 अंश तापेपर्यंत 60 किलोवॅटचा भार साडेअकरा मिनिटं ओढतं. तोवर जनरेटर आणि चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) दोन्ही उभे राहतात. अट एवढीच की पंप आणि पंखे यूपीएसवर असले पाहिजेत. नेमके तेच बऱ्याचदा विसरले जातात, कारण यूपीएसची निवड सर्व्हरचा भार बघून झालेली असते. काम ताब्यात घेण्याआधी पूर्ण भारावर चिलरचा ब्रेकर स्वतः पाडा, घड्याळ लावा आणि रॅकच्या वरच्या सेन्सरला 32 अंश गाठायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा.