नव्या पॉप पंक बँडने आधी अल्बम काढावा की आधी टूर करावी?

आधी वाजवा. दहाही गाणी लोकांसमोर वाजवून घ्या आणि मगच स्टुडिओची तारीख ठरवा. तुम्ही लिहिलंय की वाशीतला चौघांचा बँड आहे, दहा गाणी स्वतःची आहेत, आणि अमेरिकेतल्या ग्रीन डे या पॉप पंक बँडसारखं अल्बम काढून लगेच टूरवर निघायचा बेत आहे. बेत चांगलाय, पण ग्रीन डेचा क्रम लांबून दिसतो तसा नव्हता.

त्यांचा गाजलेला अल्बम 'डूकी' १ फेब्रुवारी १९९४ ला आला आणि ते एकदम सगळीकडे दिसायला लागले, त्यामुळे वाटतं की अल्बम आला म्हणून टूर झाली. त्याआधी ही पोरं बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीट नावाच्या जागेत वर्षानुवर्षं वाजवत होती, लुकआउट या छोट्या रेकॉर्ड लेबलवर अल्बम काढून झाले होते, आणि ड्रमर ट्रे कूलचे वडील जुनी फिरत्या वाचनालयाची गाडी ठीकठाक करून त्यांना गावोगाव नेत होते. (हे मी आमच्या बाबांना एकदा मोठ्या आशेने सांगितलं होतं. ते पेपर वाचत राहिले.) 'डूकी'चं रेकॉर्डिंग साधारण तीन आठवड्यांत उरकलं. हात बसलेले असले की स्टुडिओत वेळ कमी जातो, आणि आपल्याकडे स्टुडिओ तासावर असतो. जाता जाता, मोठ्या लेबलवर गेल्यामुळे त्याच गिलमनने ग्रीन डेला वाजवायला बंदी केली आणि ते तिथे परत वाजवले ते थेट २०१५ मध्ये. तुम्हाला ही अडचण सध्या नाही.

मी ड्रम वाजवते, ठाण्यात राहते, म्हणून ड्रमच्या बाजूने सांगते. जॅमरूममध्ये, म्हणजे सरावाच्या भाड्याच्या खोलीत, १८० च्या क्लिकवर (मिनिटाला १८० ठोके) गाणं छान बसतं. स्टेजवर काउंट देताना अंगात आलेलं असतं. पहिल्याच कोरसला वेग १९० च्या पुढे जातो आणि गायक दुसऱ्या कडव्यात श्वास शोधत बसतो. हे शोमागून शो होत राहिलं की कळतं, कडव्यातली एक ओळ छाटायला हवी, किंवा कोरसच्या आधी गिटार थांबवून एक मात्रा रिकामी सोडायला हवी. आमच्या एका गाण्यात ब्रिजला, म्हणजे शेवटच्या कोरसआधीच्या वेगळ्या तुकड्याला, मी हाफ टाइम (निम्म्या वेगाचा वाटेल असा ताल) वाजवायचे. आम्हाला फार आवडायचं ते. समोरची पोरं नेमकी तिथेच फोन काढायची. आता तो ब्रिज चार बारचा आहे, त्यात फक्त बास आहे आणि वर 'ओ-ओ', जे गाणं पहिल्यांदा ऐकणाराही म्हणू शकतो. पॉप पंकचा कोरस आख्ख्या खोलीने ओरडायचा असतो. खोली ओरडते की नाही, ते खोलीत गेल्याशिवाय कळत नाही. स्टुडिओत समोर फक्त इंजिनिअर असतो आणि त्याला सगळंच चांगलं वाटतं.

आता वाजवायचं कुठे? इथे आपली पंचाईत आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१९ मध्ये यू टू येऊन गेले, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेने तीन शो केले, पण स्वतःची गाणी वाजवणाऱ्या चौघांसाठी ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, हक्काची जागा शोधावी लागते. कॅफेवाले गोड बोलतात आणि शेवटी विचारतात, "हिंदी कव्हर्स किती आहेत?" गडकरी रंगायतन किंवा वाशीचं भावे नाट्यगृह भाड्याने मिळेल, पण खुर्चीला खिळून पॉप पंक ऐकणं म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकणं. माझं मत विचाराल तर जॅमरूमवाल्याशीच बोला. रविवारी संध्याकाळी तीस-चाळीस माणसं मावतात, ड्रमकिट आणि अँप आधीच तिथे असतात, आवाज बाहेर जाऊ नये याची सोयही थोडीफार केलेली असते. तीन बँड मिळून करा, म्हणजे भाडं वाटलं जातं आणि प्रत्येकाचे मित्र दुसऱ्याचंही ऐकतात. तुमच्यापैकी कोणी कॉलेजात असेल तर फेस्टच्या स्पर्धा सोडू नका. पवईच्या आयआयटीच्या मूड इंडिगो फेस्टची बँड स्पर्धा तर ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर.

उघड्यावर करणार असाल तर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद, हे धरूनच चला. शाळा, रुग्णालय, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आतलं शांतता क्षेत्रही बघून घ्या. आय-रॉक या मुंबईच्या रॉक महोत्सवाची जुनी जागा, धोबीतलावचं रंगभवन, शांतता क्षेत्रापायीच बंद पडलं. तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका.

कॅलेंडर मात्र आपलंच पाहायचं, अमेरिकेतलं नाही. तिकडे उन्हाळ्यात वार्प्ड टूर नावाचा फिरता पंक-रॉक महोत्सव निघायचा, १९९५ पासून २०१८ पर्यंत दरवर्षी, एका दिवसात ढीगभर बँड, प्रत्येकाला अर्धा तास. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस. गणपती-नवरात्रात साउंडवाले मिळत नाहीत, मिळाले तर दर ऐकून खाली बसाल. दिवाळीत सगळे गावाला. फेब्रुवारीपासून परीक्षा. राहिले नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. म्हणून पावसाळ्यात रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग, दिवाळीनंतरच्या एखाद्या शुक्रवारी अल्बम, आणि दुसऱ्याच दिवशी शनिवारी इथेच शो.

शुक्रवार का, तर जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं आणि प्लेलिस्ट त्याच बेताने बदलतात. गाणी स्ट्रीमिंग अॅपवर पोचवणाऱ्या डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी यांपैकी कोणीही चालेल, फाइल महिनाभर आधी चढवा. स्पॉटिफायच्या एडिटरना गाणं पाठवायचं असेल तर निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं, तेही अजून न आलेलं आणि एका वेळी एकच. म्हणून दहाही गाणी एकदम सोडू नका. दोन-तीन सिंगल आधी काढा. नंतर तीच अल्बमात घेताना आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) तोच ठेवा, नाहीतर जमलेले स्ट्रीम नव्या नोंदीला लागत नाहीत.

पैशाचं तोंडावर सांगते. बारा महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला स्पॉटिफाय रेकॉर्डिंगचे पैसेच देत नाही, आणि झाले तरी त्यातून चौघांची एक वेळची मिसळ सुटेल. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व ज्याने शब्द आणि चाल केली त्याने जरूर घ्यावं. त्याआधी कोणत्या गाण्यात कोणाचा किती वाटा ते चौघांनी बसून लिहून काढा, निदान व्हॉट्सअॅप ग्रुपवर तरी. गाणं चालायला लागल्यावर हा विषय काढला की बँड मोडतो.

टूर म्हणजे सलग महिनाभर नव्हे. नोकरी-कॉलेज सांभाळून शनिवार-रविवार. पुणे सगळ्यात सोपं, तिथलं पब्लिक स्वतःची गाणी शांतपणे ऐकूनही घेतं आणि नाचतंही. मग गोवा. कोकणकन्या एक्सप्रेस ठाण्याला आणि पनवेललाही थांबते, रात्री बसा, सकाळी मडगाव. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा जागेची तारीख पक्की झाल्याच्या दिवशीच तिकिटं काढा. स्लीपरला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं. आख्खं किट न्यायची गरजच नाही, कारण ड्रमरने फक्त स्नेअर, किक पेडल आणि झांजा न्यायच्या आणि बाकीचं तिथल्या बँडकडून घ्यायचं. ते ठाण्याला आले की आपण द्यायचं. झांजांची बॅग सीटखाली ठेवू नका, कोणीतरी त्यावर ट्रंक सरकवतंच. मी ती वरच्या बर्थवर उशाला घेऊन झोपते. लोकलने जाताना सरळ मालडब्यात चढा. तिथे कोळणींच्या पाट्यांशेजारी फ्लोअर टॉमला जितका मान मिळतो तितका काही व्हेन्यूंवरही मिळत नाही.

बाहेरगावी जाताना एक प्रश्न आधी विचारा: पैसे ठरलेले की गेटचे, म्हणजे तिकीटविक्रीतून येतील तेवढे? गेटचे असतील तर दारावर आपला एक माणूस बसवा. फुकट वाजवायला पुण्यापर्यंत जायला हरकत नाही, गोव्याला मात्र निदान राहण्याची सोय होत असेल तरच.

आणि सीडी छापायच्या का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. नको. लोकांकडे प्लेअर उरलेले नाहीत. त्यापेक्षा टी-शर्ट छापा, त्यावर अल्बमचा क्यूआर कोड टाका आणि ते स्टेजच्या बाजूला नव्हे, बाहेर पडायच्या दाराशी ठेवा. पहिल्या खेपेला थोडेच छापा आणि मिडियम-लार्ज जास्त घ्या. आमचे उरलेले डबल एक्सएल अजून माझ्या मावसभावांना वाढदिवसाला जातायत.